आठवीच्या विज्ञानाची नक्षत्रं

मी विज्ञान शिकलेले नाही. चौथीपर्यंत आम्हाला ते नव्हतं, आणि चौथीनंतर मी शाळेत नव्हते. तरीही एका वर्षी सातपूरच्या एका शाळेत आठवीच्या दोन्ही तुकड्यांची मिळून एकशेवीस मुलं जूनपासून एप्रिलपर्यंत माझ्या मतानं विज्ञान शिकली. ती नापास झाली नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणालाही तशी शंका येईल.

माझी सून साधना त्या शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा ती शिक्षणसेवक होती. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मास्तरणीचं सगळं काम करायचं, फक्त मास्तरीण म्हणवून घ्यायचं नाही. तीन वर्षं कोणाच्या डोळ्यावर न येता निघाली की साहेब तपासणीला येतात, आणि कागद नीट असले तर कायम केल्याचा हुकूम येतो. कागद नीट नसले तर काय येतं, ते साधनाला विचारायची माझी हिंमत नव्हती. २००४ सालच्या जूनमध्ये तिचं तिसरं वर्ष सुरू होत होतं.

त्या कागदांतला पहिला म्हणजे वार्षिक नियोजन. कोणत्या महिन्यात कोणता पाठ, किती तासिका, कोणता प्रकल्प, त्याला साहित्य कोणतं, असं वर्षभराचं सगळं आखून पंधरा जूनच्या आत हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायचं. आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात साधना ओट्याच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर आणि डॉक्टरचा दाखला. पायरीवर पाणी होतं. ते पाणी कुठून आलं याची घरात दोन दिवस चौकशी चालली, आणि मी ती चालू दिली.

माझी चुलत जाऊ कुसाबाई बघायला आली. मखमलाबादच्या शिवारात तिच्या आणि आमच्या मळ्यामध्ये एक बांध आहे, तो तिला बसायला बरा पडतो. तिथं बसून तिला आमच्या चुलीवर काय शिजतंय तेही कळतं.

"हात तर गेला," ती म्हणाली. "आता ते वर्षाचं लिहिणं कोण करणार?"

"बघू."

"शाळेला सांगा ना. दुसरी मास्तरीण लिहील."

"दुसरीला काय पडलंय? आणि तिसऱ्या वर्षी बोभाटा कशाला?"

"मग जीवन लिहील."

जीवन माझा मुलगा. सातपूरला कंपनीत आहे. "जीवनच्या अक्षरापेक्षा प्लास्टरमधला हात बरा," मी म्हटलं.

"मग तूच लिही, भागुबाई. तू लय शिकलेली हायेस ना."

तिनं टोमणा मारला होता. मी तो सूचना म्हणून घेतला.

आता माझ्या अक्षराबद्दल दोन शब्द. चौथीत गुरुजींनी माझी पाटी वर्गभर फिरवली होती. का फिरवली ते नक्की आठवत नाही, पण अक्षरासाठीच, असं मी आजवर धरून चालले आहे. आमच्या घरातल्या लोणच्याच्या बरण्या, पिठाचे डबे, मार्केट यार्डात जाणाऱ्या क्रेटवरच्या चिठ्ठ्या, सगळ्यांवर माझंच अक्षर. त्याला एक झोका आहे. शब्दाची शेवटची रेघ मी थोडी वर उचलते. जीवनच्या लग्नात आहेराच्या पाकिटांवरची नावं मीच लिहिली होती. त्यातली काही पाकिटं भलत्याच घरी गेली, ती वाटणाऱ्याच्या चुकीनं.

तर साधना पलंगावर हात गळ्यात अडकवून बसली आणि मी समोर वही घेऊन बसले.

"आई, मी सांगते तसंच लिहा."

"नाहीतर कसं लिहिणार?"

तिनं तीन संध्याकाळी सांगितलं आणि मी कच्चं उतरवलं. 'विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे' हे तिनं बारा वेळा सांगितलं आणि मी तेरा वेळा लिहिलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पक्की प्रत करायची होती. ती मी दुपारी एकटीच करणार होते, आणि माझी सगळी दैना तिथंच झाली. ऐकून लिहिताना माणूस विचार करत नाही. बघून लिहिताना मात्र त्याला डोळे फुटतात.

मी बघितलं तर बीज अंकुरण डिसेंबरात. डिसेंबरात कोण पेरतं? बुरशी फेब्रुवारीत, म्हणजे ऊन कडक झाल्यावर. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी जूनमध्ये, म्हणजे चाळीतला उन्हाळ कांदा वाळून खडखडीत झालेला असताना. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी आयुष्यात मेथीचा एक वाफा केलेला नसावा. मला त्यांची कीव आली. त्यांना मदत करणं हे माझं काम आहे, असं मला त्या दुपारी अगदी आतून वाटलं. त्या दिवसापासून आतून काही वाटलं की मी आधी पाणी पिते.

वर्ष कसं आखायचं ते मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. त्यात जून-जुलै नसतो, पावसाची नक्षत्रं आणि मराठी महिने असतात. मी बीज अंकुरण मृगात घातलं. बुरशी आणि सूक्ष्मजीव आश्लेषात, कारण तेव्हा पावाचा तुकडा ओला करून ठेवावा लागत नाही, चपलांनाही बुरशी येते. ध्वनी गणपतीच्या दहा दिवसांत, समोरच भोंगा लागतो. वीज हस्तात, कारण त्याचा गडगडाट फुकट मिळतो. पेशी रांगडा कांदा निघाल्यावर, पौषात. द्राक्षं आंबवायचा पाठ होता, त्याला पुस्तकात किण्वन म्हणतात. तो माघात, बागा तोडायला आल्यावर. चुंबकत्वाचा पाठ फार लांब होता. लांब मुदतीच्या पिकात आम्ही मेथी टाकतो, तसा मी त्यात 'आहार' टाकला. शेवटी मे महिन्यापुढं लिहिलं, 'रान तापू देणे.' आणि साहित्याच्या रकान्यात साधनानं जिथं जिथं 'बाजारातून' सांगितलं होतं तिथं मी 'मळ्यातून' लिहिलं. घरचं असताना विकतचं कशाला?

पंधरा तारखेला सकाळी जीवन फर्स्ट शिफ्टला जाता जाता वही शाळेत टाकणार होता. साधना उंबऱ्यापर्यंत आली.

"आई, मी सांगितलं तसंच उतरवलंय ना?"

"त्याहून चांगलं," मी म्हटलं.

तिला वाटलं मी अक्षराबद्दल बोलतेय.

प्लास्टर निघालं आणि जुलैच्या शेवटी साधना शाळेत गेली. तोपर्यंत तिचा वर्ग चित्रकलेच्या सरांनी सांभाळला होता. ते साधे गृहस्थ. नियोजनात होतं तसं त्यांनी केलं होतं. साधना शाळेमागं गेली तर तिथं ओळीनं वाफे होते, पाट काढलेला होता, आणि मेथी वीतभर वाढली होती. संध्याकाळी ती वही घेऊन घरी आली. उभ्यानंच एकदा वाचली, मग खाली बसून पहिल्या पानापासून पुन्हा वाचली.

"आई, आश्लेषा."

"तुला आश्लेषा माहीत नाही?"

"मला माहीत आहे. ती वार्षिक नियोजनात काय करतेय?"

मी तिला समजावून सांगितलं. बुरशी, चपला, सगळं. ती ऐकत होती. आमचे हे ओसरीवर टोमॅटोच्या सुतळ्या सोडवत बसले होते, ते उठून गोठ्यात गेले. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी उठून जातात ते मला कळायला लागलं आहे.

"म्हणजे हस्ताच्या गडगडाटात," साधना म्हणाली, "मी मुलांच्या हातात तारा द्यायच्या."

हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवीन वही लिहून हेडमास्तर कापडणीस सरांकडं गेली. सरांनी जुनी वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांची सही होती, 'पाहिले' असा शिक्का होता. मग त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली.

"मॅडम," ते म्हणाले, "याची एक प्रत वर गेली आहे. बदलायची तर बदलाचं कारण लिहावं लागेल. कारणाखाली माझं स्पष्टीकरण लागेल, की मी सही कशी केली. हे अक्षर कोणाचं ते मला सांगू नका. मला कळलं तर मला कळवावं लागेल."

"मग सर?"

"मग काय. यंदा नक्षत्राप्रमाणे शिकवू."

शाळेनं नियोजन पाळायचं ठरवल्यावर साहित्याचा रकानाही पाळला. साधनानं बीकर-बाटल्यांची यादी दिली की कारकून वही पुढं करायचा. "मॅडम, इथं तर 'मळ्यातून' लिहिलंय." मग मळ्यातून जायला लागलं. गांडुळं गेली. बीट गेलं, जास्वंद गेली, हळकुंडं गेली. बुरशीसाठी शाळेचा शिपाई सावळीराम यानं स्वतःच्या चपला दिल्या, त्या त्याला परत मिळाल्या नाहीत. ऐन दसऱ्याला झेंडूच्या दोन पाट्या 'फुलाचे भाग' या पाठासाठी गेल्या, तेव्हा आमचे हे पहिल्यांदा बोलले. "मुलांना एक एक फूल पुरलं नसतं का?" मी म्हटलं, "शिक्षणात हात आखडता घेऊ नये." ते परत गोठ्यात गेले.

ध्वनीचा पाठ गणपतीत झाला. भोंगा समोरच होता, त्यामुळं साधना काय बोलते ते दहा दिवस कोणालाच ऐकू आलं नाही. मुलांनी ध्वनी फक्त अनुभवला.

मग पहिली चाचणी आली. तिची प्रश्नपत्रिका बाहेरून छापून यायची, तिला नक्षत्रं माहीत नव्हती. त्यात पाच मार्कांना होतं: पेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या. पेशी तर पौषात होती. मुलं हुशार, कोरा कागद देणं त्यांना बरं वाटलं नाही. अर्ध्या वर्गानं शाळेमागच्या वाफ्याची आकृती काढली आणि भागांना नावं दिली: बांध, पाट, वाफा, मेथी. साधना ते पेपर घरी तपासत होती. मी मागून डोकावले.

"सुबक आहेत की," मी म्हटलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "आई, साहेब फेब्रुवारीत येतील. मुलांचे पेपर बघतील, मग नियोजन बघतील. हे मी लिहिलं असेल तर मी वेडी ठरते. मी नाही लिहिलं म्हटलं तर खोटे कागद दिले म्हणून जाते. दोन्हीकडून हुकूम येत नाही."

ती रागानं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं माझ्याकडं कायम असतात. ती नुसती दमून बोलली. मी मेथी निवडायला घेतली. ती निवडलेलीच होती, मी पुन्हा निवडली. त्यानंतर चार दिवस आमचं बोलणं मीठ-तिखटापुरतं राहिलं. आणि ती रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबून, पुस्तकाच्या क्रमानं राहिलेलं सगळं मुलांना वेगळं शिकवायला लागली. वहीत नक्षत्रं, फळ्यावर पुस्तक. एका वर्षात तिनं दोन वर्षं शिकवली.

खरं तर तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक केलेल्या माणसाला भरपाईची फार घाई असते. माघ आला. ओझरला माझा भाऊ नाथा असतो, विमानाच्या कारखान्यात नोकरी आणि घरची थोडी द्राक्षबाग. त्याच्याकडून मी क्रेटभर द्राक्षं मागवली. पुस्तकात लिहिलं होतं: बाटलीत थोडा रस घ्या, तोंडाला फुगा लावा, फुगा फुगतो. एका फुग्याकडं एकशेवीस मुलं बघणार, हे मला चिक्कूपणाचं वाटलं. मी लोणच्याच्या तीन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या काढल्या, द्राक्षं चुरून गळ्यापर्यंत भरली.

कुसाबाई बांधावर होतीच. "फुगा लावू नको. पोरं फोडतील. झाकण घाल आणि वरून कणकेनं लिंप. वाफ बाहेर गेली तर तुझा प्रयोग बी गेला."

"वाफ नसते त्यात. वायू असतो," मी म्हटलं. वर्षभरात मी इतकं शिकले होते.

"मग वायू जाऊ नको देऊ."

मला तिचं पटलं. आयुष्यात दुसऱ्यांदा पटलं, आणि पहिल्या वेळचं मी सांगितलंच आहे.

मंगळवारी बरण्या शाळेत गेल्या. साधना तो आठवडा दुसरीकडं पेपर तपासणीत होती. सावळीरामनं त्या प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवल्या. रविवारी शाळा बंद. सोमवारी छताचे पत्रे तापले, आणि सोमवारीच साहेब आले.

मी तेव्हा शाळेत होते. आम्लाच्या पाठासाठी नवी चिंच घेऊन गेले होते. प्रयोगशाळेच्या दाराशी पोतं टेकवलं आणि आत बघितलं. साहेब टेबलाशी बसलेले, कापडणीस सर त्यांच्या मागं उभे, साधना फळ्याजवळ, मुलं चिडीचूप. टेबलावर माझी वही उघडी होती. साहेबांचं बोट ओळीवरून सरकत होतं.

"मॅडम, 'पूर्वा-उत्तरा: ध्वनी.' हे काय?"

साधनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिलं झाकण उडालं.

ते छताला लागून पंख्यावर पडलं. लाइट गेलेली होती म्हणून पंखा वाचला. दुसरं झाकण खिडकीतून मेथीत गेलं. तिसरी बरणी अख्खीच आडवी झाली आणि तिच्यातला माल कपाटावरून टेबलावर, टेबलावरून साहेबांच्या पांढऱ्या बुशशर्टावर आला. मग वास सुटला. विंचूरला वाइनचे कारखाने काढलेत म्हणतात, तिथं कसा वास येतो मला माहीत नाही. पण त्या दिवशी सातपूरची ती खोली त्यांच्या तोडीची होती. सावळीराम डोळे मिटून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

साहेबांनी आधी रुमाल काढला. मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. वैष्णवी तिचं नाव.

"हे काय झालं, सांगता येईल?"

"हो सर. द्राक्षात साखर असते. यीस्टच्या पेशी ती साखर खातात. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायूला जायला जागा नव्हती, म्हणून दाब वाढला आणि झाकण उडालं."

"पेशी म्हणजे काय?"

तिनं ते सांगितलं. केंद्रक, पेशीपटल, सगळं. पौषातल्या कांद्याचं नव्हे, शाळा सुटल्यावरच्या तासांतलं होतं ते. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला, आणि माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "मग वायूला जागा का ठेवली नाही?"

"आजींनी कणकेनं लिंपलं, सर."

"कोण आजी?"

एकशेवीस नाही म्हटलं तरी साठ तोंडं दाराकडं वळली. साधनाचंही वळलं.

"तुम्ही कोण, बाई?"

आता इथं मी कोण, हे सांगायला मला एरवी अर्धा तास लागतो. मळा कोणाचा, मळ्याचं चालतं कोणाच्या शब्दानं, गावात मला काय म्हणतात. पण मी साधनाकडं बघितलं. तिचा उजवा हात खडू धरून होता, आणि मनगट अजून थोडं वाकडंच राहिलं होतं. आता सांगून टाकते. साधना घसरली त्या दिवशी कोथिंबिरीच्या जुड्या मी धुतल्या होत्या, आणि निथळायला पायरीवर मीच ठेवल्या होत्या. सासू आहे म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, सासू इथं काय करते. आणि मग तिसरा, हे अक्षर कोणाचं.

"मी मळ्यावरची मजूर बाई," मी म्हटलं. "माल पोचवते."

साहेबांना ते लगेच पटलं. इतकं लगेच पटायला नको होतं.

"साहित्याची आवक वही आणा," ते म्हणाले. सावळीरामनं आणली. साहेबांनी पानं उलटली. "वर्षभर माल येतोय आणि देणाऱ्याची एक सही नाही? बाई, इकडं या. इथं सही करा."

त्यांनी पेन पुढं केलं. आवक वहीशेजारीच माझं नियोजन उघडं पडलेलं, पानापानावर शब्दाची शेवटची रेघ वर उचललेली. मी 'भागुबाई' लिहिलं असतं तर ती रेघ तिथंही उचलली गेली असती. चाळीस-पन्नास वर्षांची सवय, हात ऐकत नाही.

"मला लिहायला येत नाही, साहेब."

साधनाच्या हातातला खडू पडला. सावळीरामनं शाईचा पॅड आणला, माझं बोट धरलं, दाबलं, कागदावर टेकवलं. चौथीत जिची पाटी वर्गभर फिरली त्या बाईनं अंगठा दिला. शाई जांभळी होती, तीन दिवस गेली नाही. तीन दिवस मी कुसाबाईशी मूठ झाकून बोलले.

साहेबांचे शेरे आठवड्यानं आले. साधनानं ते ओसरीवर वाचून दाखवले. पहिला: नियोजन परिसराला धरून केलेले आहे. विद्यार्थ्यांची उत्तरे समाधानकारक. यावर आमचे हे गोठ्यातून बाहेर आले. दुसरा: शिक्षिकेने स्वतःचे अक्षर सुधारावे. यावर ते परत आत गेले. साधनाचं अक्षर, सांगायला नको, छापल्यासारखं आहे. तिसरा: साहित्य पुरवणाऱ्या निरक्षर महिलेस साक्षर करण्यासाठी शाळेने प्रयत्न करून अहवाल द्यावा.

शाळेला अहवाल द्यायचा होता, म्हणून मला निरक्षरातून काढायचं होतं. कापडणीस सरांनी शनिवार दुपारचा वर्ग काढला. जास्तीचं काम नेहमी शिक्षणसेवकाला, म्हणून शिकवायला साधना. विद्यार्थिनी तीन: मी, सावळीरामची बायको नवसाबाई आणि तिची शेजारीण. येत असलेलं न येण्यासाठी फार अभ्यास लागतो. मी 'ग' काढला की तो सुरेख यायचा, मग मी तो मोडायची. साधना माझ्या मागं उभी राहून हळूच म्हणायची, "आई, अजून वाईट." जूनमध्ये नवसाबाई 'कमळ' लिहायला लागली, मी अजून 'म'वर होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "येईल, आजी. घाबरायचं नाय. वयामुळं होतं."

त्याच जूनमध्ये साधनाचा हुकूम आला. कायम. ती कागद घेऊन आधी माझ्याकडं आली, पण मी तेव्हा घरचा अभ्यास करत होते.

पंधरा ऑगस्टला शाळेत नवसाक्षरांना प्रमाणपत्रं होती. द्यायला तेच साहेब. प्रत्येकीनं फळ्यावर नव्हे, सगळ्यांसमोर टेबलावरच्या वहीत सही करून दाखवायची. नवसाबाईनं केली, टाळ्या पडल्या. मग मी. वाईट लिहायचं ठरवून गेले होते. पण समोर सगळी शाळा, मागं तिरंगा, आणि पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून आलेली कुसाबाई. पेन हातात आलं आणि हातानं माझं ऐकलं नाही. 'भागुबाई' लिहून झालं, शेवटची रेघ वर गेली.

साहेबांनी वही उचलली. चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली घेतला. कापडणीस सर आकाशाकडं बघायला लागले. हुकूम आलेला असला तरी परत घेता येतो की नाही, हे मी कोणाला विचारून ठेवलं नव्हतं.

"मॅडम," साहेब साधनाला म्हणाले, "तुमच्यापेक्षा तुमच्या विद्यार्थिनीचं अक्षर चांगलं आहे. यांच्याकडून शिका."

"हो सर," साधना म्हणाली. "शिकतेच आहे."

घरी येताना मी तिच्या स्कूटीवर मागं बसले होते, प्रमाणपत्र पदराखाली. मखमलाबादचा रस्ता येईपर्यंत मी धीर धरला. त्याहून जास्त जमलं नाही.

"ऐकलंस ना साहेब काय म्हणाले ते?"

"ऐकलं, आई."

"सरकारी माणूस आहे. उगाच नाही बोलणार."

"नाही बोलणार."

दारात तिनं गाडी थांबवली. मी उतरायला लागले तसा तिनं डावा हात मागं करून माझं कोपर धरलं.

"हळू," ती म्हणाली. "सकाळी कोथिंबीर धुतलीय तुम्ही. पायरीवर पाणी असेल."

मी हळूच उतरले. त्या वर्षभरात तिनं त्या पाण्याबद्दल मला एकदाही विचारलं नव्हतं.